भटजींची शिदोरी

विष्णुभट गोडसे वरसईकर यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु जे लिहिले गेले ते बहुधा झाशीच्या वेढ्याविषयी आणि राणी लक्ष्मीबाईंविषयी. हा ग्रंथ म्हणजे 1857 सालच्या बंडाची एका डोळस ब्राह्मणाने दिलेली साक्ष, असे एकदा ठरून गेले, आणि ग्रंथाच्या नावातील ‘प्रवास’ या शब्दाकडे पाहण्याचे कारण उरले नाही. आम्हांस मात्र वाटते की, हा प्रथम एका लांबच्या पायी प्रवासाचा ग्रंथ आहे. बंड त्याच्या वाटेत आले.

भटजी पेणजवळच्या वरसईचे. घर वैदिकाचे, डोक्यावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी वार्ता कोकणात आली आणि काका रामभट यांच्यासह भटजींनी उत्तरेची वाट धरली. कोकणातून ग्वाल्हेर हजार किलोमीटरांहून अधिक दूर. रोज वीस-पंचवीस किलोमीटरांचा मुक्काम धरला तरी दीड-दोन महिन्यांची चाल. मध्ये घाट, नद्या, सातपुड्याची राने. अशा प्रवासाची तयारी भटजींनी केली तरी कशी, हा प्रश्न समीक्षकांनी क्वचितच विचारला. ‘भोळा भिक्षुक, वाट फुटेल तिकडे गेला’ असा एक समज मात्र रूढ झाला.

हा समज आम्हांस मान्य नाही. भटजींच्या तयारीत सामानाची यादी नाही हे खरे. पण तयारी आहे. पहिली गोष्ट सोबत. ते एकटे निघाले नाहीत. वडीलधारा काका बरोबर घेतला. दुसरी गोष्ट मार्ग. इंदूर, धार, उज्जैन, ग्वाल्हेर, झाशी ही त्यांची ठाणी पाहावीत. ही सगळी मराठी दरबारांची आणि मराठी वस्तीची गावे. जेथे आपली भाषा बोलणारा गृहस्थ भेटेल, देवळाची ओसरी मिळेल, पंक्तीत पान मांडले जाईल, तेथून तेथवर वाट आखलेली आहे. तिसरी गोष्ट शिदोरी. ती गाठोड्यात नव्हती, मुखात होती. ज्यास संहिता पाठ आहे त्यास प्रत्येक यजमानाघरी काम आहे, आणि काम आहे म्हणून अन्न आहे. आजचे अनुभवी गिर्यारोहक सांगतात की, पाठीवरचा भार शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जड असू नये. भटजींनी हा नियम नकळत पाळला होता. त्यांच्या विद्येस वजन नव्हते.

तयारीत उणीव नव्हती असे मात्र नाही. वाटेत शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली तेव्हाच मागे फिरण्याचा विचार अधिक गंभीरपणे व्हावयास हवा होता. परंतु घरी कर्ज वाट पाहत होते, आणि रिकाम्या हातांनी परतण्याची लाज भयाहून मोठी ठरली. दूरच्या पायी प्रवासात माणसे फसतात ती बहुधा येथेच. कोठवर जावयाचे हे ठरलेले असते, कोठून परतावयाचे हे ठरलेले नसते. यज्ञाची आशा बंडाच्या धुळीत मिळाली. 1858 सालच्या झाशीच्या पाडावात भटजी शहरातच सापडले. मिळविलेली दक्षिणा अंगावर बाळगावी लागे, आणि ती एकाहून अधिक वेळा लुटली गेली. पुढे काल्पीच्या वाटेवर पराभूत राणीची आणि त्यांची जी भेट झाली, तिचे वर्णन मराठी गद्यातील अत्यंत संयमी वर्णनांपैकी एक आहे. त्या प्रसंगी राणी आणि भिक्षुक दोघेही एकाच अवस्थेतले वाटसरू आहेत: थकलेले, तहानलेले, पुढचा मुक्काम ठाऊक नसलेले. ग्रंथ प्रवासवर्णन म्हणून वाचला तरच या प्रसंगाचे खरे मोल कळते.

दोषही सांगितले पाहिजेत. भटजींनी हे सारे परत आल्यावर कित्येक वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहिले. त्यामुळे पाहिलेले आणि ऐकलेले यांची जागोजाग सरमिसळ झाली आहे. तिथी आणि घटनाक्रम यांवर इतिहासकाराने डोळे मिटून विसंबू नये. वैद्यांनी 1907 साली ग्रंथ प्रसिद्ध केला तो भाषा सुधारून आणि मजकुरात फेरफार करून. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी 1966 साली छापली. ज्यास भटजींची खरी चाल ऐकावयाची असेल त्याने मूळ संहिताच हाती घ्यावी. तीत वाक्ये पायी चालणाऱ्या माणसासारखी येतात. ती मध्येच थांबतात, आडवाटेस जातात, पुन्हा रस्त्यास लागतात. सुधारलेल्या गद्यात हा दम लागलेला श्वास हरवतो.

सुमारे तीन वर्षांनी भटजी घरी आले ते धन घेऊन नव्हे, तर खांद्यावर गंगेची कावड घेऊन. त्या उदकाने त्यांनी आईवडिलांस स्नान घातले. निघताना जे उद्दिष्ट होते ते साधले नाही. जे साधले ते निघताना ठरविलेले नव्हते. तरीही आम्ही या प्रवासास निष्फळ म्हणणार नाही. कावडीचे पाणी हिंदकळू न देता, वाटेत तिचे सोवळे सांभाळीत इतका पल्ला चालणे ही शिस्त केवळ भोळ्या माणसाची नव्हे.

आज नर्मदा परिक्रमेस, पंढरीच्या वारीस किंवा हिमालयातील दहा-पंधरा दिवसांच्या पायवाटांवर आमची तरुण मुले निघतात. त्यांच्याजवळ नकाशे आहेत, हलके तंबू आहेत, औषधांची पेटी आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु भटजींच्या वाटेवरील इंदूर-ग्वाल्हेरच्या आम्हां लोकांस हा ग्रंथ एक निराळाच प्रश्न विचारतो. भटजींची अर्धी तयारी त्यांनी स्वतः केली होती. उरलेली अर्धी आमच्या पणजोबांच्या ओसऱ्यांनी आणि देवळांच्या अन्नछत्रांनी केली होती. पायी आलेला अनोळखी वाटसरू आज आमच्या देवस्थानाच्या दाराशी उभा राहिला, तर आम्ही त्यास पाय धुण्यास पाणी देतो की आधी आरक्षणाची पावती मागतो? नर्मदेच्या काठी परिक्रमावासीस सदावर्त देण्याची रीत अजून टिकून आहे, म्हणूनच तेथील वाटही टिकून आहे.

वाट चालणाऱ्याने तयारी करावी, हे सर्वच पुस्तके सांगतात. वाटेवर राहणाऱ्यानेही तयारी ठेवावी, हे ‘माझा प्रवास’ न सांगता सांगतो. एवढ्यासाठी तरी तो ग्रंथ आमच्या घरांतून पुन्हा वाचला जावा.