चाल : इंग्रजी

आमच्या घरात ‘गाणं’ ह्या शब्दाचा अर्थ पक्का ठरलेला होता. गाणं म्हणजे नाट्यसंगीत. भावगीताला माजघरापर्यंत प्रवेश होता, सिनेमातल्या गाण्याला ओसरीपर्यंत. आणि त्यापलीकडे जे काही असेल तो गोंगाट. अशा घरात वयाच्या सोळाव्या वर्षी मला रॉक संगीताचं वेड लागलं. ‘वेड लागलं’ असं मी म्हणतो. आमचे वडील ‘लागण झाली’ असं म्हणत.

लागण झाली तीही एका गैरसमजातून. १९८० च्या मार्च महिन्यात पेपरात वाचलं की मुंबईत ‘पोलीस’ नावाच्या इंग्रजी बँडचा कार्यक्रम झाला. टाइम अँड टॅलंट्स क्लबातल्या बायकांनी तो धर्मादाय कामासाठी ठेवला होता. आमच्या नाशिकला पोलीस ट्रेनिंग स्कूल. पोलिसांचा बँड म्हणजे काय हे आम्ही दर स्वातंत्र्यदिनाला उन्हात उभं राहून ऐकलेलं. त्यासाठी लोक तिकीट काढतात हे वाचून मला मुंबईकरांची कीव आली. पुढे एका मित्राकडे त्या ‘पोलिसां’ची कॅसेट ऐकली आणि माझं पुढचं आयुष्य कामातून गेलं.

मुंबईतले रॉकचे अड्डे एकेक करून गेले. त्यांच्यावर कुणी जाणकार माणूस मराठीत चार ओळी लिहील म्हणून मी बरीच वर्षं वाट पाहिली. शेवटी म्हटलं, आपणच लिहावं. जाणकार नसणं ही गोष्ट समीक्षेच्या आड येत नाही, हे रविवारच्या पुरवण्या वाचणाऱ्यांना मी सांगायला नको.

आता नाशिकच्या माणसाने मुंबईच्या क्लबांवर का लिहावं, असं कुणी विचारील. तर त्याचं कारण असं की, माझ्या माहितीतला नाशिकचा रॉक क्लब एकच होता, आणि तो आमचा होता. एका मित्राच्या काकांची ओझरकडे द्राक्षबाग होती. बागेत पत्र्याची शेड होती. १९८५ च्या दिवाळीनंतर आम्ही चौघांनी ती शेड बळकावली. अमेरिकेत गिटार असते ती ‘गिब्सन’. आमच्याकडे होती ती कलकत्त्याची ‘गिव्हसन’. एका अक्षराचा फरक, पण किमतीत दोन शून्यांचा. ॲम्प्लिफायर मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेला, त्यामुळे गिटार लावण्याआधी त्यातून आपोआप ‘हॅलो हॅलो माइक टेस्टिंग’ ऐकू येईल असं वाटायचं. ड्रमवर होता तो मुलगा एरवी लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. तो कुठल्याही गाण्याचा शेवट नवरदेव घोड्यावरून उतरल्यासारखा करी.

हा क्लब तीन महिने चालला. फेब्रुवारीत द्राक्षं तयार झाली, क्रेट ठेवायला जागा लागली, आणि काकांनी आम्हाला ड्रमसकट बाहेर काढलं. “तुमचं ते काय ते पुढच्या वर्षी करा,” ते म्हणाले, “माल थांबत नाही.” पुढच्या वर्षी दोघांना नोकऱ्या लागल्या आणि ड्रमवाल्याचं स्वतःचंच लग्न झालं.

तेव्हा रॉक ऐकायचं तर मुंबई. आणि मुंबई म्हणजे पंचवटी एक्स्प्रेस. १९७५ साली सुरू झालेली ही गाडी नाशिककरांच्या सोयीसाठी आहे, पण रॉकच्या सोयीसाठी नाही. सकाळी नेते आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला परत निघते. म्हणजे तिकडे बँड तारा जुळवायला लागायचा तेव्हा सज्जन नाशिककर कल्याण ओलांडत असायचा. कार्यक्रम संपवून आम्ही मध्यरात्रीच्या कुठल्यातरी गाडीच्या जनरल डब्यात उभे राहायचो आणि नाशिकरोडच्या बाकावर पहिल्या बसची वाट पाहत झोपायचो. माझी कंबर आज जे सूर लावते त्याचं मूळ तिथे आहे.

जाऊ लागलो तेव्हा जुने लोक भेटायचे आणि पहिल्यांदा एकच वाक्य सांगायचे : “तू फार उशिरा आलास.” कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट येऊन वाजवून गेले होते. १९७२ साली मी तिसरीत होतो. त्याआधी १९७० आणि ७१ ला ‘सिमला बीट’ ही बँडची स्पर्धा गाजली. सिमला हा सिगरेटचा छाप. म्हणजे आमच्या देशी रॉकला पहिला आश्रय दिला तो सिगरेटने. पण त्या सिगरेटवाल्यांचे उपकार मानायला हवेत, कारण त्यांनी दोन्ही वर्षांच्या तबकड्या काढल्या. हॉटेलांच्या तळघरांत रात्र रात्र जे वाजलं ते हवेत विरलं. ह्या तबकड्या तेवढ्या राहिल्या. आज हौशी लोक त्यांच्यासाठी वाटेल ती किंमत मोजतात.

माझा खरा क्लब म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. व्हीटीपासून चालत दहा मिनिटं, शेजारी झेवियर कॉलेज, वर उघडं आभाळ. सरकारी खुलं नाट्यगृह. तिथे नाटकंही होत, आणि ही गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. घरी मी नुसतं ‘रंगभवनात कार्यक्रम आहे’ एवढंच सांगे. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एकदा ‘रॉक मशीन’ ऐकून सकाळी घरी आलो तर बाबा चहा घेत बसलेले.

“काय होतं काल?”

“ ‘मशीन’,” मी म्हणालो.

“कुणाचं?”

“नवीन मुलं आहेत.”

“नायक कोण?”

“नायक असा नाही. पाच-सहा जण आहेत. ओरडतात.”

“प्रायोगिक दिसतंय,” बाबा म्हणाले आणि पेपरात डोकं घातलं.

पुढे ते उघडकीला आलंच. बाबा नाशिकरोडला नोटांच्या प्रेसमध्ये होते. खोटं ओळखणं हा त्यांचा व्यवसाय होता. रागावले नाहीत. कॅसेट लाव म्हणाले. दोन गाणी ऐकली आणि निकाल दिला : “नक्कल आहे रे ही. साहेबाची नक्कल. ह्यात तुमचं काय?”

हा प्रश्न माझ्या छातीत रुतून बसला तो आजतागायत. कारण समीक्षक म्हणून खरं सांगायचं तर बाबांचं बरोबर होतं. आमच्या बँडांपैकी बहुतेक जण परक्यांची गाणी वाजवीत, आणि उत्तम बँड कुठला, तर ज्याचं वाजवणं हुबेहूब तबकडीसारखं तो. गायकाचे उच्चार लिव्हरपूलचे, केस कॅलिफोर्नियाचे आणि घर गिरगावात किंवा वांद्र्याला. ह्यात प्रेक्षकांचाही हात होता. एखाद्या बँडाने ‘हे आमचं स्वतःचं गाणं’ असं म्हटलं की मागच्या रांगांतून आरडाओरडा सुरू होई. लोकांना हवं असायचं डीप पर्पल. ओरडणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करतो. सव्वादोनशे मैलांचा जाण्यायेण्याचा प्रवास उभ्याने करून जायचं आणि ऐकायचं काय, तर कुणा वांद्र्याच्या पोराचं दुःख? असा आमचा विचार.

बाबांच्या प्रश्नाला उत्तर सापडलं ते बाबांच्याच कपाटात. एका पावसाळ्यात कपाट आवरताना त्यांची नाटकाच्या पदांची जुनी पुस्तकं हाती लागली. उघडून पाहतो तो प्रत्येक पदाच्या डोक्यावर छापलेलं : ‘चाल : अमकी’, ‘चाल : तमकी’. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं तेव्हा त्यांनी चाली गोळा केल्या त्या लावणीतून, कीर्तनातून, कर्नाटकातून, पारशी नाटकातून. १९११ च्या ‘मानापमाना’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमऱ्या-कजऱ्या हेरून आणल्या. आणि ही मंडळी इतकी सच्ची की चाल कुठून घेतली ते पदाच्या डोक्यावर छापून मोकळी. आज तीच पदं म्हणजे आमचा अस्सल मराठी ठेवा. म्हणजे उसनेपणा हा काही कायमचा आजार नव्हे. कैरी तिखट-मिठात टाकल्या दिवशी कैरीच असते. लोणचं व्हायला बरणी लागते आणि ती बरणी कुणी मधेच उचलून चालत नाही. नाट्यसंगीताला ती बरणी मिळाली. नाटक कंपन्या वर्षानुवर्षं गावोगाव फिरल्या, थिएटरं उभी राहिली, तेच पद शंभर रात्री म्हटलं गेलं. तेव्हा कुठे दुसऱ्याची चाल आपली झाली.

रॉकचं लोणचंही मुरायला लागलं होतं, ह्याचे माझ्यापाशी दोन पुरावे आहेत.

पहिला पुरावा बाबांनीच मला दाखवला होता, दोघांनाही नकळत. १९७८ साली पु. लं.चं ‘तीन पैशाचा तमाशा’ आलं, जब्बार पटेलांनी बसवलेलं. पु. लं.चं नाव म्हटल्यावर बाबा मला घेऊन पुण्याला गेले. त्यात नंदू भेंडे गायला. परतताना एसटीत बाबा म्हणाले, “आत्माराम भेंड्यांचा मुलगा ना हा? फार्सवाल्या बापाच्या पोटी गळा बघ कसा आला!” हा गळा ‘व्हेल्व्हेट फॉग’, ‘सॅव्हेजेस’ अशा बँडांतून तयार झाला होता. १९७४ साली अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्याने ज्यूडास केला होता. म्हणजे ज्याला बाबा गोंगाट म्हणत त्या गोंगाटातून आलेला आवाज मराठी रंगभूमीवर उभा राहिला आणि बाबांनी त्याला टाळी दिली. हे मी त्यांना पुढे दहा वर्षांनी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पण तिथे तो मराठीत गायला.” मी म्हटलं, “तेच तर म्हणतोय बाबा.” २०१४ साली नंदू भेंडे गेला तेव्हा ती बातमी बाबांनीच मला वाचून दाखवली.

दुसरा पुरावा म्हणजे ते ‘मशीन’. १९८४ साली ही मुलं परक्यांची गाणी वाजवीत उभी राहिली. आमच्यासारख्यांचा आरडाओरडा सोसत सोसत १९८८ ला त्यांनी स्वतःच्या गाण्यांची तबकडी काढली, आणि १९९३ ला नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. सिंधू नदी नावात आली ती नऊ वर्षांनी. एवढा वेळ त्यांना मिळाला, कारण वाजवायला रंगभवन होतं, आणि १९८६ पासून स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ होता.

मग बरणी फुटली. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. इस्पितळ, शाळा, न्यायालय ह्यांच्या भोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, आसपास कामा आणि जीटी ही इस्पितळं. पुढच्या काही वर्षांत तिथला आवाज थांबला तो थांबला. जुहूला ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’ होता, तोही गेला. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ च्या डिसेंबरात ‘ब्लू फ्रॉग’ निघाला. जिथे भोंगा झाला की कामगार आत जायचे तिथे रात्री तरुण मुलं रांगा लावू लागली. माझ्या मते हा सगळ्यांत गुणी क्लब, कारण इथे स्वतःचं गाणं असणं हा गुन्हा नव्हता, उलट तेच मागत. तो २०१६ च्या ऑगस्टमध्ये बंद झाला. जेमतेम पावणेनऊ वर्षं. आमच्याकडे द्राक्षाची बाग ह्याच्यापेक्षा जास्त टिकते.

शांततेच्या नियमावर मला रागावता येत नाही. माझी आई इस्पितळात होती तेव्हा विसर्जन मिरवणुकीचे ढोल खिडकीखाली चार तास वाजत होते. कानावर उशी धरून ती पडलेली मी पाहिलं आहे. त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं, तर मी सगळी वाद्यं गोदावरीत टाका म्हणून सही दिली असती. आणि नाशिक ढोल हे आमचं कौतुक, हे मी विसरलेलो नाही. तक्रार एवढीच, की नियम सगळ्यांना एकच असला तरी ढोलाला सवलत मिळते, कारण तो आपला. गिटारला मिळत नाही, कारण ती परकी. आणि ती परकीच राहते, कारण तिला आपली व्हायला कुठे बसू देत नाहीत. ढोलाचं तोंड बंद करून गिटार वाजवा असं मी म्हणत नाही. इस्पितळापासून लांब, चार भिंतींच्या आत, दर शनिवारी तीच पोरं वाईट वाजवू शकतील अशी एखादी जागा असावी, एवढंच म्हणतो.

आता नाशिकला रॉक येतो. २००८ पासून सुलाच्या द्राक्षमळ्यात संगीताचा उत्सव सुरू झाला, तऱ्हेतऱ्हेचे बँड आले. ज्या द्राक्षांनी आम्हाला हाकललं त्यांनीच रॉकला आवतण दिलं, ह्याला म्हणतात काळाचा महिमा. पण उत्सव तो उत्सव. वर्षातून एकदा पुरणपोळी केल्याने स्वयंपाक येत नाही.

काही वर्षांपूर्वी गंगापूर रस्त्याकडच्या एका मळ्यात असाच छोटा कार्यक्रम होता. बाबांना गाडीत घालून घेऊन गेलो. वय ऐंशीच्या पुढे, एका कानात यंत्र, दुसऱ्यात खबरदारी म्हणून कापूस. इथलीच चार पोरं वाजवीत होती, मराठीत गात होती. ड्रमवाला लय सोडून पळत होता, गाणाऱ्याचा सूर माइकच्या आसपास कुठेतरी होता. बाबांनी तीन गाणी नीट ऐकून घेतली. मग माझ्याकडे वाकून म्हणाले, “चाल कुठली?”

“त्यांची स्वतःची आहे बाबा.”

“स्वतःची?” त्यांनी पुन्हा एकदा स्टेजकडे पाहिलं. “वाईट आहे. पण वेळ द्यायला हवा. ‘शाकुंतला’चेसुद्धा पहिल्या प्रयोगाला चारच अंक झाले होते.”

मला त्या पोरांना जाऊन हे सांगायचं होतं. घाईत राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम त्या बाजूला गेलो, तर मंडपवाले स्टेज उतरवीत होते. शेजारी द्राक्षांचे क्रेट येऊन पडले होते.