विधी, विकल्प आणि देहदंड

मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. ए. एम. खानविलकर व न्या. ए. पी. भंगाळे यांच्या खंडपीठाने जून २०११ मध्ये अमली पदार्थांच्या व्यापाराविषयी एक निर्णय दिला. तो सामान्यतः घटनाशास्त्राचा विषय मानला जातो. परंतु त्या निर्णयाचे सारे बळ एका क्रियापदाच्या अर्थनिर्णयावर उभे आहे. म्हणून भाषेच्या अभ्यासकानेही त्याची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये.

गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ चा. त्यात १९८९ मध्ये कलम ३१-अ घालण्यात आले. या अधिनियमाखालील गंभीर गुन्ह्यात एकदा दोषी ठरलेला मनुष्य पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला आणि मालाचे वजन तक्त्यात दिल्याइतके किंवा त्याहून अधिक भरले, तर त्याला देहदंड सांगितला होता. हेरॉइनसाठी हे वजन १ किलोग्रॅम, कोकेनसाठी ५०० ग्रॅम आणि चरससाठी २० किलोग्रॅम असे होते. दुसऱ्या शिक्षेचा पर्यायच न्यायाधीशापुढे नव्हता. ही अनिवार्यता घटनेच्या अनुच्छेद २१ शी विसंगत आहे, असे खंडपीठाने ठरविले. तथापि कलम रद्द न करता त्यातील आज्ञार्थक वचन ऐच्छिक मानून वाचावे, असा मार्ग त्याने स्वीकारला. ‘देहदंड होईल’ याच्या जागी ‘देहदंड होऊ शकेल’ असा अर्थ प्रस्थापित झाला. पुढे २०१४ मध्ये संसदेने दुरुस्ती करून देहदंडाला कारावासाचा पर्याय दिला.

अनिवार्य शिक्षेचा पुरस्कार करणाऱ्यांची बाजू दुर्बल आहे असे समजण्याचे कारण नाही. शिक्षा निश्चित असली तरच तिचा धाक राहतो. आणि न्यायाधीशागणिक निराळा निकाल लागू लागला तर समानतेला बाध येतो, असे त्यांचे म्हणणे आहे. आपल्या परंपरेतही या शंकेला आधार सापडतो. मीमांसकांनी विकल्प हा अष्टदोषांनी दूषित मानला. यज्ञात व्रीही वापरावेत की यव, असा प्रश्न पडला आणि दोन्ही वचने समबल असली, तर एकाचा स्वीकार करताना दुसऱ्याचे प्रामाण्य सोडावे लागते. म्हणून अन्य गती नसेल तेव्हाच विकल्प मानावा, असा त्यांचा दंडक होता.

या भूमिकेची खरी परीक्षा सिंगापुरात होते. तेथे अमली पदार्थांचा अधिनियम १९७३ मध्ये झाला व १९७५ पासून १५ ग्रॅमहून अधिक शुद्ध हेरॉइनच्या व्यापारासाठी देहदंड अनिवार्य करण्यात आला. ओंग आह चुआन खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९८० मध्ये ही योजना वैध ठरविली. जितके वजन अधिक, तितके त्या मनुष्याचे व्यापाराच्या साखळीतील स्थान वरचे, हे अनुमान विधिमंडळाला करता येते, असे त्यामागील तर्कशास्त्र होते. येथे वजन हे चिन्ह आणि अपराधाची गुरुता हा त्याचा अर्थ मानलेला आहे. परंतु ज्याच्या पिशवीत माल सापडतो तो पुष्कळदा दुसऱ्याच्या मालाचा केवळ वाहक असतो. त्याच्याजवळील वजन त्या दुसऱ्याच्या व्यापाराचे माप सांगते. वाहकाचे स्थान सांगत नाही. चिन्ह खरे असूनही अर्थ चुकीचा निघतो तो असा.

खुद्द सिंगापूरच्या विधिमंडळालाही हे अंशतः मान्य करावे लागले. २०१२ ची दुरुस्ती १ जानेवारी २०१३ पासून अमलात आली. आरोपी केवळ वाहक असल्याचे सिद्ध झाले आणि तपासात त्याने भरीव साहाय्य केल्याचे प्रमाणपत्र सरकारी अभियोक्त्याने दिले, तर न्यायालय जन्मठेप व फटक्यांची शिक्षा देऊ शकते. शिवाय प्रत्यक्ष वजन अधिक असतानाही १४.९९ ग्रॅमचाच आरोप ठेवण्याची मोकळीक अभियोक्त्याला आहे. म्हणजे विकल्प नाहीसा झालेला नाही. त्याने फक्त जागा बदलली आहे. न्यायासनावर बसलेल्याचा विकल्प उघड असतो, सकारण असतो व अपिलात तपासता येतो. अभियोक्त्याच्या कचेरीतील विकल्पाला अशी कारणे जाहीरपणे द्यावी लागत नाहीत. समानतेच्या नावाने पुरस्कारिलेल्या व्यवस्थेत अखेर जीवनमरणाचा निर्णय अशा ठिकाणी होतो, हा तिच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेप होय.

येथे मीमांसेचेच दुसरे सूत्र उपयोगी पडते. जो विकल्प विषयभेदाने नियत होतो, त्याला ‘व्यवस्थित विकल्प’ म्हणतात व त्याला ते आठ दोष लागत नाहीत. भारतीय न्यायव्यवहारातही अशी व्यवस्था घडत आली आहे. देहदंड देताना विशेष कारणे नोंदविण्याचे बंधन १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने घातले. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी आली. १९८३ मध्ये मिठू खटल्यात, जन्मठेप भोगणाऱ्याने खून केल्यास अनिवार्य देहदंड सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०३ सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविले. ती कसोटी सर्वत्र सारखी लावली जाते असे नाही. पण तिचा प्रमाद निदान लेखी राहतो आणि दुरुस्त करता येतो.

मुंबईच्या निर्णयातील उणीवही नजरेआड करता येत नाही. ज्या गुन्ह्यात प्रत्यक्ष कोणाचा वध झालेला नाही त्याला देहदंड प्रमाणबद्ध आहे काय, हा मूळ प्रश्न क्रियापदाचा अर्थ बदलून सुटत नाही. ‘होऊ शकेल’ या शब्दांत मृत्यूची शक्यता शिल्लक राहतेच. मलेशियाने २०२३ मध्ये अनिवार्य देहदंड रद्द केला, तेव्हाही ऐच्छिक देहदंड कायम राहिला. तेव्हा हा निर्णय म्हणजे चर्चेचा शेवट नव्हे. मात्र त्याने एक गोष्ट निश्चित केली. शिक्षा सांगण्यापूर्वी न्यायाधीशाला तराजूच्या काट्यावरून नजर काढून समोर उभ्या असलेल्या मनुष्याकडे पाहावे लागते. आणि काय पाहिले ते लिहून ठेवावे लागते.