जीभ शिकते की सवय लागते? व्हर्जिनिया तंबाखूच्या निमित्ताने

अभिरुचीचा विचार करताना आपण नेहमी चित्र, संगीत, कविता यांची उदाहरणं घेतो. आज आम्ही पाईपच्या तंबाखूचं उदाहरण घेणार आहोत. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. पाईपचा धूर छातीत ओढला नाही, तरी त्याने ओठांचा, तोंडाचा, घशाचा कर्करोग होतो. तेव्हा ही शिफारस नव्हे. पण ‘चव शिकता येते का?’ हा प्रश्न इथे जितका अडचणीत येतो तितका दुसरीकडे येत नाही, म्हणून हे उदाहरण.

पाईप ओढायला नव्याने लागलेला माणूस बहुधा सुगंधी मिश्रणापासून सुरुवात करतो. व्हॅनिला, चेरी, रम. डबा उघडला की खोली दरवळते. मग तो लटाकियाकडे वळतो. हे पान लाकडाच्या धुरावर धुरावलेलं असतं, त्याचा वास चुकूनही चुकत नाही. पुढे कोणीतरी जाणता त्याच्या हाती निव्वळ व्हर्जिनिया ठेवतो. इंग्लंडमधल्या केंडलच्या सॅम्युअल गॉविथची ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’ म्हणा. नवखा चार झुरके घेतो आणि म्हणतो, “यात काहीच नाही हो. गरम वाफ, आणि वर जीभ पोळली.” जाणता हसतो. “अजून तुझी जीभ तयार झाली नाही,” म्हणतो.

आजचं व्याख्यान या एका वाक्याबद्दल आहे. हे वाक्य ज्ञानाचं आहे, की नुसतं दटावणं आहे?

आधी पानाकडे पाहू. व्हर्जिनियाचं पान बंद कोठीत गरम हवेवर, साधारण आठवड्याभरात सुकवतात. धूर पानाला लागू देत नाहीत. पान पिवळं पडताना त्यातल्या पिठूळ अंशाची साखर होते, आणि मग उष्णता वाढवून ती साखर पानातच राखली जाते. बर्ली हे पान सावलीत, वाऱ्यावर, कित्येक आठवडे सुकतं. त्यात साखर जवळजवळ उरत नाही. म्हणजे व्हर्जिनियाची गोडी पानाची स्वतःची आहे, वरून लावलेली नाही. पण साखरेचं पान फार गरम जळलं की गोडी जाते आणि जीभ भाजते. नवख्याला ‘काहीच’ लागत नाही त्याचं पहिलं कारण हे. सुगंधी मिश्रण ओढताना तो ज्या घाईने झुरके घेत होता, त्याच घाईने तो हेही ओढतो.

म्हणून जाणते सांगतात: फ्लेक, म्हणजे दाबलेल्या वडीच्या पातळ कापट्या, ओलसर असतात, त्या मोकळ्या करून थोडा वेळ वाळू द्या. पाईप सैल भरा. पाईप विझेल की काय असं वाटावं इतक्या सावकाश ओढा. विझला तर पुन्हा पेटवा, त्यात कमीपणा नाही. हा सल्ला शंभर टक्के योग्य आहे, आणि तो आवडीबद्दल नाही, हे लक्षात घ्या. चव समोर येईल अशी परिस्थिती निर्माण करण्याबद्दल आहे.

आता जिभेकडे येऊ. ह्यूमने १७५७ च्या आपल्या अभिरुचीवरच्या निबंधात ‘डॉन किहोते’तली एक गोष्ट वापरली आहे. सांचोच्या दोन नातलगांना पिंपातली वाईन चाखायला देतात. एक म्हणतो, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव येते. दुसरा म्हणतो, लोखंडाची येते. लोक दोघांना हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली किल्ली सापडते. दोघांची आवड बरोबर ठरली, असं या गोष्टीत कुठेही नाही. त्यांची ओळख बरोबर ठरली.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पाच. नवख्याला दोन्ही एकच वाटतात. वर्षभर ऐकल्यावर एकात गंधार आणि दुसऱ्यात धैवत भाव खाऊन जातो, हे कळू लागतं. देसकार आवडायलाच हवा, अशी सक्ती नाही. पण फरक कळणं हे शिक्षण आहे. ते दुसऱ्याला दाखवता येतं, तपासता येतं.

आमचं म्हणणं असं: सरावाने ओळख वाढते आणि सरावाने आवडही लागते, पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तंबाखूच्या रसग्रहणात त्यांची सर्रास गल्लत होते. परीक्षणं वाचा. पिवळ्या व्हर्जिनियाला सुकं गवत, लिंबाची साल. लाल व्हर्जिनियाला पाव, मनुका. हे शब्द टाकाऊ नाहीत. ‘इकडे बघ’ म्हणून दाखवलेलं ते बोट आहे. पण नवखा ते शब्द पाठ करतो, आणि पुढच्या वेळी त्याला मनुकाच लागतात. ही चव की वाचन?

त्यात भर निकोटिनची. वाईन किंवा चहा यांच्या बाबतीतही सवय असतेच. पण इथे पान बरं असो वा वाईट, शरीर त्याची बाजू घेतं. महिनाभर ओढल्यावर ‘आता कळू लागलं’ असं वाटतं, त्यातलं किती जिभेचं आणि किती रक्ताचं?

याच सौम्यतेचा इतिहासही पाहा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅसवेल परगण्यात, १८३९ साली, स्टीफन नावाच्या गुलाम तरुणाने विझत आलेल्या भट्टीत कोळसा टाकला आणि त्या उष्णतेने पान झळाळत पिवळं झालं, असं सांगितलं जातं. त्या पिवळ्या पानाचा धूर आम्लधर्मी, घशाला हलका. तोंडात त्याचं निकोटिन फारसं शोषलं जात नाही, म्हणून तो छातीत ओढला जातो. आणि हलका असल्यामुळे ओढवतोही. सिगारेट त्यावरच उभी राहिली. पाईपमध्ये जो गुण रसिकाला सूक्ष्म वाटतो, त्याच गुणाने कोट्यवधी फुफ्फुसं खाल्ली. ‘सूक्ष्म’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. रसिकाने निदान एवढं ओळखलं पाहिजे.

मग जाणत्याचं ते वाक्य खरं की खोटं? त्याला तीन प्रश्न विचारावेत. नावं झाकून दोन पानं दिली तर तुला वेगळी ओळखता येतात का? नावाजलेल्या डब्यातलं पान कधी फिकं निघालं, असं तू कधी म्हणतोस का? आणि चव संपली की पाईप अर्ध्यावर खाली ठेवता येतो का? तिन्हींना होकार असेल, तर त्याची जीभ खरोखर शिकली आहे आणि नवख्याने त्याचं ऐकावं. तिसऱ्या प्रश्नावर तो घुटमळला, तर ‘तुझी जीभ तयार नाही’ या वाक्याचा अर्थ ‘तुला अजून सवय लागली नाही’ एवढाच आहे. आणि मग नवख्याचं “यात काहीच नाही हो” हे मत त्याने बदलू नये, असं आम्हाला वाटतं.