केशरी नेमका कोणता?

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, म्हणजे १७ सप्टेंबरच्या, आधी आम्ही बीड जिल्ह्यातील एका शाळेत गेलो होतो. मुलांनी संगणकावर राष्ट्रध्वज काढला होता. एका पडद्यावर केशरी पिवळसर दिसे, दुसऱ्यावर लालसर. छापलेला कागद तर तिसरेच सांगे. "पण आम्ही इंटरनेटवरून अचूक अंक घेतलेत," मुलांचे म्हणणे. ते अंक खरेच अचूक आहेत का, हे आम्ही तपासायचे ठरवले.

अनेक संकेतस्थळांवर ध्वजाच्या केशरी रंगासाठी लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१ असे अंक मिळतात. हिरव्या पट्ट्यासाठी १९, १३६, ८. ते कुठून आले, हे बहुधा लिहिलेले नसते. खरा आधार आहे 'आयएस १' हे भारतीय मानक. ते १९५१ साली तयार झाले आणि १९६८ साली सुधारले गेले. त्यात सीआयई १९३१ या आंतरराष्ट्रीय पद्धतीने रंग सांगितले आहेत: दोन अंक छटेचे, एक उजळपणाचा. केशरीची छटा ०.५३८ व ०.३६०, उजळपणा २१.५. हिरव्याची ०.२८८ व ०.३९५, उजळपणा ८.९. पांढऱ्याचा उजळपणा ७२.६.

आता ताडून पाहू. पडद्याच्या प्रत्येक अंकाला २५५ ने भागा, त्याचा २.२ वा घात करा, मग लाल, हिरवा, निळा यांना अनुक्रमे ०.२१, ०.७२, ०.०७ ने गुणून बेरीज करा आणि तिला १०० ने गुणा. केशरीसाठी सुमारे ४५ आणि हिरव्यासाठी १८ येतात. मानकाच्या दुप्पट! पडद्याचा पांढरा १०० धरतात, खादीचा ७२.६ आहे, ही सवलत दिली तरी दोन्ही रंग सुमारे दीडपट उजळ ठरतात.

ही साधने निरुपयोगी आहेत, असे आमचे म्हणणे नाही. एका पद्धतीतील अंक दुसऱ्या पद्धतीत ती क्षणात बदलून देतात. आक्षेप आहे तो अर्धवट माहितीला अचूक म्हणण्याला. रंग कोणत्या प्रकाशात मोजला, कापडावर की कागदावर, किती फरक चालेल, हे न सांगता दिलेले तीन अंक म्हणजे पडद्याला दिलेला हुकूम. 'एसआरजीबी' या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे जुळवलेल्या पडद्यावरच त्यांचा रंग निश्चित होतो. शाळेतील किती पडदे असे जुळवलेले असतात?

परभणीपलीकडे नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत राष्ट्रध्वज तयार होतात. त्या खादीला कसोटी लागते ती मानकाची, पडद्याची नव्हे.

'लांबी ५' एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण एकक विचारतो. रंगाच्या अंकांनाही तोच प्रश्न विचारायला हवा. एकच चित्र तीन पडद्यांवर उघडा, खिडकीच्या उजेडात शाळेच्या ध्वजाशी ताडून पाहा आणि फरक वहीत नोंदवायला सांगा. अंक छापील आहे म्हणून तो मोजलेला असतोच असे नाही, हे मुलांना त्यातून आपोआप कळेल.