‘कस्टडी’ : राखण आणि कैद

इंग्रजीतील ‘कस्टडी’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘कुस्तोदिया’मध्ये असून राखण, पहारा हा त्याचा मूलार्थ होय. अज्ञान बालक आणि आरोपी या दोहोंना इंग्रजी व्यवहार हा एकच शब्द लावतो. ‘वॉर्ड’चीही तीच गत: पाल्य, रुग्णालयाचा कक्ष आणि तुरुंगाचा विभाग हे सारे त्याचेच अर्थ. मराठीने ‘कस्टडी’ उचलली ती मुख्यतः पोलिसांची. अपत्याच्या बाबतीत ती ‘ताबा’ म्हणते. राखण आणि कैद यांना निरनिराळी नावे देणाऱ्या भाषेत मूळ शब्दाची द्व्यर्थता टिकत नाही. ही भाषांतराची उणीव मानावी काय?

कोल्हापूरचा इतिहास याचे उत्तर सुचवितो. चौथे शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. २५ डिसेंबर १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. सरकारच्या लेखी ही देखभाल होती. तत्पूर्वी, महाराजांच्या छळाविषयीच्या लेखनावरून कारभारी माधवराव बर्वे यांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक-आगरकरांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली. आधारभूत पत्रे बनावट ठरली, हे खरे. परंतु त्या दोघांच्या बंदिवासाला ‘तुरुंग’ हे नाव होते आणि मुदतही होती; आगरकरांच्या पुस्तकाने तर शीर्षकातच १०१ दिवस मोजले. महाराजांच्या दिवसांची अशी मोजदाद संभवत नव्हती. शिक्षा संपते, ‘काळजी’ला अंत ठरलेला नसतो.

वेड आणि तुरुंग यांचा इतिहास लिहिताना मिशेल फूको यांनी सत्तेचे हेच हितकारी रूप उकलले. मराठीही त्यापासून सर्वस्वी मुक्त नाही: ‘पहारा’ खजिन्यावर असतो तसा कैद्यावरही असतो, ‘अंमल’ राज्याचा असतो तसा नशेचाही. तथापि ‘कस्टडी’चे भाषांतर करताना मराठी लेखकाला ‘राखण’ की ‘कैद’ याचा निर्णय करावाच लागतो, आणि तो करताना राखण कोणाच्या हिताची, हा मूळ शब्दाने झाकलेला प्रश्न उघडा पडतो. म्हणून वरवर उणीव भासणारी ही अडचण वस्तुतः समीक्षेचे साधन ठरते.