शाळा सुटणे : दोन अर्थ

'शाळा सुटली' या वाक्याला मराठीत दोन अर्थ आहेत. एकात घंटा होते आणि उद्या पुन्हा भरणारी शाळा आजच्यापुरती संपते. दुसऱ्यात ती मुलाच्या आयुष्यातूनच जाते. पौगंडावस्थेतील कंटाळ्याचे चित्रण करणारी आपली कादंबरी मुख्यतः पहिल्या अर्थाच्या आश्रयाने वाढली आहे.

'फावला वेळ' हा शब्दप्रयोगही येथे पाहण्यासारखा आहे. 'फावणे' या क्रियापदात कामातून सवड मिळणे अभिप्रेत असते. ज्याला कामच नाही त्याला वेळ फावत नाही. त्याचा वेळ रिकामा असतो आणि तो स्वतः 'रिकामटेकडा' ठरतो. विशेषण वेळावरून माणसावर सरकते.

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीतील मुकुंद जोशी व त्याचे मित्र अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमतात. त्या बसण्याला लज्जत आहे, कारण तो वेळ शाळेच्या आणि घराच्या चौकटीतून चोरलेला आहे. 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकरचे शिक्षण फसते, पण त्यामागे वडिलांचा पैसा आणि परतायला गाव आहे. त्याच्या कंटाळ्याला आपण अस्तित्ववादाची प्रतिष्ठा दिली. दोनच वर्षांनी भाऊ पाध्ये यांचा 'वासूनाका' आला. पोक्या आणि त्याचे सोबती नाक्यावर उभे राहतात तेही कंटाळ्यानेच. परंतु वाद गाजला तो अश्लीलतेचा, आणि आचार्य अत्रे यांनी त्यावर हल्ला चढवला. एकाच दशकातील एका कंटाळ्याला तत्त्वज्ञान लाभले, दुसऱ्याच्या वाट्याला नीतिचर्चा आली. हा भेद वाङ्मयीन गुणवत्तेचा होता असे मला वाटत नाही.

दुसऱ्या अर्थाने शाळा सुटलेला मुलगा नवी मुंबईच्या मूळ गावांत भेटतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांची जमीन नियोजित शहरासाठी घेण्यात आली. त्यापूर्वी आगरी-कोळी घरातला मुलगा शाळेबाहेर पडला की भातशेती, मिठागर किंवा खाडीतील मासेमारी त्याची वाट पाहत असे. (त्या कष्टांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही, मिठागरात राबणे म्हणजे काव्य नव्हे.) शेत गेले, मिठागर गेले, तेव्हा शाळा सोडण्याचा अर्थच पालटला. पूर्वी मुलगा एका कामातून दुसऱ्यात जात होता. आता तो कामाविनाच उरू शकतो, आणि भोवती टॉवर उभे राहत असताना त्याचा दिवस मात्र पुढे सरकत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमीही ६ ते १४ या वयापुरतीच आहे. बोकिलांचा जोशी नववीत आहे; साधारण त्याच वयात ती हमी संपते.

या मुलाची कादंबरी लिहिताना खरी अडचण निवेदकाची आहे. सांगवीकर आणि जोशी आपली गोष्ट सांगू शकतात, कारण मागे वळून पाहण्याची भाषा त्यांना शिक्षणाने दिली. शाळेबाहेरच्या मुलाचा कंटाळा तृतीयपुरुषात मांडला की लगेच 'समस्या' होतो, आणि लेखक समाजसेवकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. पाध्यांनी ही खुर्ची नाकारली. पोक्या लिहीत नाही, बोलतो. 'वासूनाका'च्या बोलभाषेवर अश्लीलतेच्या वादात इतके बोलले गेले की निवेदनाची ही सोडवणूक झाकोळली. घणसोली किंवा करावे गावातला मुलगा आगरी बोलीत, स्वतःच्या तोंडाने आपली लांबलचक दुपार सांगू लागला, तर त्याच्या सोबतीला मराठीत तूर्त पोक्या आहे.