गाळलेली जागा

ओहोटी लागली की धाकटी डहाणूकडच्या खाजणात, तिवरांच्या मुळांशी, काळपट हिरवा बुळबुळीत थर उघडा पडतो. त्यावर पाय हमखास घसरतो, म्हणून लोक तो चुकवूनच चालतात. हा नीलहरित जिवाणूंचा, सायनोबॅक्टेरियांचा संसार. मला तो थांबून, बारकाईने वाचावासा वाटतो.

भर उन्हात चिखलावरच्या बोटभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हा थर बघता बघता फस्त करतो. रात्री श्वसनाने तो पुन्हा साठतो. टंचाई आणि सुकाळ, दोन्ही एकाच दिवसात! त्यात कार्बन पकडणारे विकर, रुबिस्को, मंद आणि वर भोळे: ऑक्सिजनलाही भुलते. पेशी त्याला टाकून देत नाही. त्याच्याभोवती प्रथिनांचे वीस पैलूंचे कवच बांधते, मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढे. हे कार्बोक्सिसोम. बाहेरून पंपांनी ओढून घेतलेले बायकार्बोनेट या कवचात शिरते. तिथे कार्बनिक अ‍ॅनहायड्रेज हे दुसरे विकर त्याचा कार्बन डायऑक्साइड करते, थेट रुबिस्कोच्या पुढ्यात.

रचनेचे मर्म मात्र कवचाबाहेर आहे. तिथल्या पेशीद्रवात हे दुसरे विकर नसते, आणि नसायलाच हवे. 1989 मध्ये ऑस्ट्रेलियात डीन प्राइस आणि मरे बॅजर यांनी माणसाचे कार्बनिक अ‍ॅनहायड्रेज मुद्दाम तिथे आणले. जमवलेले बायकार्बोनेट वाटेतच वायू होऊन निसटले. पेशी साध्या हवेत नीट वाढेना. भरीच्या एका शब्दाने कविता कोसळावी, तसे झाले.

या पेशीचा संयमही तितकाच लोभस. कार्बन घटला की ताकदवान पंपांची जनुके जागी होतात. मुबलक झाला की ती मिटतात. उगाच ऊर्जा जाळणे नाही. आपले मात्र तसे नाही: याच डहाणूच्या खाडीलगत 1995 पासून कोळशावरचे 500 मेगावॉटचे वीजकेंद्र चालते. अशाच धुरामुळे जगाच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत 280 भागांवरून 420 च्या पुढे गेला आहे. रोजचे चढउतार पचवणाऱ्या या पेशीला एवढा फरक नवा नाही. पण म्हणून आपला धूर तिच्या भरवशावर सोडणे मला पटत नाही: दिवसा पकडलेल्यातला बराचसा कार्बन हा थर रात्री परत सोडतो.

ही रचना पिकांना देता येईल का, हे पाहण्यासाठी 2018 मध्ये कॅनबेराच्या संशोधकांनी तंबाखूच्या हरितलवकात साधी कार्बोक्सिसोम उभी केली. पुढे पिकांत ही सगळी यंत्रणा आणायची, तर पंप बसवावे लागतीलच. शिवाय हरितलवकात मुळातच असलेले कार्बनिक अ‍ॅनहायड्रेजही काढून टाकावे लागेल.